जाड गादी नको, जागेवर राहणारी हवी

वाचकाचं पत्र: मी ४७ वर्षांची आहे, वारज्यात राहते. दीड वर्षापासून हायब्रिड सायकल चालवते. आठवड्यातून तीन दिवस पहाटे एनडीए रस्त्याने खडकवासल्याकडे, जाऊन-येऊन पंचवीस-तीस किलोमीटर. एकदा ग्रुपबरोबर पानशेतला जाऊन आले आणि पुढे चार दिवस धड बसता येईना. मांड्यांच्या आतल्या बाजूला काचतं, बसायच्या जागी ठणकतं. ऑनलाइन दोन पॅडेड शॉर्ट (आत गादी शिवलेल्या सायकलिंगच्या चड्ड्या) घेतल्या, दोन्ही हजाराच्या आतल्या. एकीची जेलची गादी चार महिन्यांत चपटी झाली, दुसरी शिवणीत उसवली. आत मी नेहमीची सुती निकर घालते. डिसेंबरात ग्रुपची १०० किलोमीटरची राइड आहे. कोणती शॉर्ट घेऊ? खांद्यावर पट्टे असलेली बिब घ्यावी का? घरचे म्हणतात, चड्डीला तीन हजार कशाला, सीटला जेलचं कव्हर लाव. शिवाय एवढी घट्ट चड्डी घालून सोसायटीतून खाली उतरायचा संकोच वाटतो. आणि हो, कधी कधी तासाभराने पुढचा भाग बधिर झाल्यासारखा वाटतो. ते वयामुळेच ना?

ताई,

तुमची शेवटची ओळ मी आधी घेते, कारण ती तुम्ही जाता जाता लिहिली आहे आणि माझ्या मते सगळ्या पत्रात तीच सर्वांत महत्त्वाची आहे. बधिर होणं वयामुळे नाही. विशीतल्या मुलींनाही ते होतं. सीटचं टोक वर उचललेलं असेल, सीट जास्त उंच असेल किंवा तुमच्या मापाला अरुंद असेल, तर अंगाचा भार बसायच्या हाडांवर न पडता पुढच्या मऊ भागावर पडतो. तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या दबतात आणि तो भाग बधिर होतो. हे कुठल्याही शॉर्टने बरं होत नाही, कितीही महाग घेतली तरी.

म्हणून खरेदीला निघण्याआधी सायकल सपाट फरशीवर उभी करा. सीटवर लांब पट्टी ठेवा आणि तिच्यावर मोबाइलमधलं लेव्हल मोजायचं ॲप लावून बघा. सीट समतल हवी, फार तर टोक अगदी किंचित खाली. मग भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सगळ्यात खाली न्या. गुडघा सरळ झाला पाहिजे, पण त्यासाठी कंबर एका बाजूला कलता कामा नये. कलत असेल तर सीट खाली घ्या. चालवताना मागच्या मैत्रिणीला सांगा, माझी कंबर डुलते का बघ. डुलणारी कंबर म्हणजे प्रत्येक पेडलला सीटवर एक घासा, आणि तुमच्या मांड्या काचण्याचं अर्धं कारण तिथेच सापडेल असं मला वाटतं. एवढं करूनही बधिरपणा येतच राहिला, किंवा सायकलवरून उतरल्यावर थोड्या वेळात गेला नाही, तर सीट बदला आणि डॉक्टरांना दाखवा. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

सीटची रुंदी घरीच मोजता येते. पार्सलच्या खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा लाकडी स्टुलावर ठेवा, पातळ कपड्यांत त्यावर बसा, हँडल धरल्यासारखं थोडं पुढे वाका आणि उठा. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतात. नीट दिसले नाहीत तर खडू आडवा धरून हलकेच फिरवा, म्हणजे दिसतील. त्या दोन खळग्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर हे तुमच्या बसायच्या हाडांचं माप. सीटचा मागचा भाग त्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटरने तरी रुंद हवा. बायकांमध्ये हे अंतर सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त असतं, म्हणून सायकलबरोबर आलेली सीट कित्येकींना पुरत नाही. हेच माप शॉर्ट निवडतानाही उपयोगी पडणार आहे, लिहून ठेवा.

जेलचं कव्हर मात्र घेऊ नका. ते सीटवर सरकतं, सीट आणखी जाडजूड करतं आणि मांड्या जास्त घासतात. वर, हाडं मऊ जेलमध्ये रुतली की मधला भाग वर येतो आणि नेमकी नको त्या जागी दाब देतो. पाव तासाच्या भाजी-बाजाराच्या फेरीला ठीक, पानशेतला नाही.

आता निकर. पॅडेड शॉर्टच्या आत काहीही घालायचं नाही. नवीन आलेल्या प्रत्येकीला हे सांगावं लागतं, कारण दुकानात कुणी सांगत नाही आणि विचारायला आपण बिचकतो. निकरच्या कडेला इलॅस्टिक आणि जाड शिवण असते, ती बरोबर मांडीच्या घडीत येते. सुती कापड घाम पितं आणि ओलंच राहतं, ओली कातडी लवकर सोलवटते. शॉर्टची गादी थेट कातडीला लागावी अशीच बनवलेली असते, घाम ओढून घेणारी, मध्ये शिवण नसलेली. आत निकर घातली की गादी एकीकडे सरकते, निकर दुसरीकडे. नव्या शॉर्टची वाट बघू नका, उद्यापासूनच निकर बंद करा. काचणं किती कमी होतं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

हिशेब करून बघा. तुम्ही मिनिटाला ७५ पेडल मारता असं धरलं तर तासाला ४,५०० होतात. शंभर किलोमीटरला हायब्रिडवर पाच तास धरले, तर प्रत्येक मांडी साडेबावीस हजार वेळा सीटच्या कडेजवळून वर-खाली जाते. एवढ्या वेळा केसभर सरकणारी कोणतीही गोष्ट कातडी सोलते. म्हणून माझं म्हणणं ठाम आहे: शॉर्ट घेताना मऊपणा शोधू नका. जागची न हलणारी गादी शोधा.

तुमच्या पहिल्या शॉर्टची जेलची गादी हातात बरीच जाड आणि मऊ लागली असेल. अशा गाद्या खपतात त्याच त्यामुळे. फार मऊ अंथरुणावर झोपलं की सकाळी पाठ धरते, तसंच इथे आहे. हलका फोम पहिल्या अर्ध्या तासात दबून जातो आणि पुढे तुम्ही कापडावरच बसलेल्या असता. फोममध्ये खरी बघायची ती घनता. ती घनमीटरला किती किलो अशी मोजतात, आणि चांगल्या गाद्यांच्या वर्णनात ६०, ८०, १२० असे आकडे दिलेले असतात. तास-दीड तासाला ६०च्या आसपास चालतं. चार-पाच तासांना हाडांच्या जागी ८० किंवा त्याहून जास्त हवी. चांगली गादी सगळीकडे सारखी जाड नसते. हाडांखाली घट्ट आणि जाड, पुढे पातळ, मध्ये खोलगट आणि कडेला विरत जाऊन कापडाला मिळणारी असते. कडेला जाडीचा उंबरठा हाताला लागला तर तो मांडीलाही लागणार.

आकडा लिहिलेला नसेल तर बोटांनी बघा. शॉर्ट उलटी करा, हाडांच्या जागची गादी अंगठा आणि तर्जनीत धरा आणि जोरात दाबा. बोटं एकमेकांना जवळजवळ टेकली तर ती शॉर्ट परत हँगरला लावा. चांगली गादी सुरुवातीला थोडी देते, मग अडते, आणि बोट सोडल्याबरोबर वर येते. तुमच्या चपट्या झालेल्या शॉर्टवर आधी हे करून बघा, म्हणजे दुकानात फरक लगेच कळेल. ‘जेल’ या शब्दावर मात्र भाळू नका. जेल दाबल्याने आकसत नाही, बाजूला सरकतं, शिवाय उष्णता धरून ठेवतं. एप्रिलमध्ये कात्रजचा जुना घाट चढताना ते नकोसं होतं. आणि गादी बायकांसाठी आखलेलीच घ्या. ती मागे रुंद आणि लांबीला थोडी आखूड असते, तिच्या मधोमध शिवण नसते. नवऱ्याची किंवा मुलाची शॉर्ट मापाला आली तरी चालत नाही ते यामुळे.

टिकण्याचा प्रश्न गादीइतकाच कापडाचा आणि शिवणीचा. लेबल वाचा. नायलॉन आणि लायक्रा, साधारण ८०-२०च्या आसपास, ही जोडी मला सगळ्यात भरवशाची वाटते. नायलॉन घासण्याला चिवट असतं आणि अंगाला मऊ लागतं. पॉलिस्टर लवकर वाळतं, रंग धरून ठेवतं, आणि पावसाळ्यात हा फायदा लहान नाही. पण सतत सीटवर घासलं की त्यावर धाग्यांचे बारीक गोळे येतात. लायक्रा फार कमी असेल तर शॉर्ट गुडघ्याकडून वर चढते आणि चोळामोळा होतो. शिवण सपाट हवी, दोन कापडांच्या कडा एकमेकींवर चपट्या बसवून चार धाग्यांनी शिवलेली. नखाने शिवणीवरून आडवं जा. नख अडकलं तर मांडीही अडकणार. शिवणीच्या दोन्ही बाजूंना कापड धरून ताणा. धाग्यांमध्ये फटी उघडल्या तर ती शिवण तुमच्या दुसऱ्या शॉर्टसारखीच उसवणार. आणखी एक: मागची बाजू हातावर ताणून ट्यूबलाइटसमोर धरा. तळहाताच्या रेषा दिसल्या तर वाकून सायकल चालवताना मागच्यांनाही दिसेल. काळ्या रंगाला तोड नाही.

मांडीच्या शेवटी पकड देणारी पट्टी रुंद आणि साधी असलेली बरी. सिलिकॉनचे ठिपके घट्ट धरतात, पण आपल्याकडच्या घामात पुष्कळजणींना तिथे लाल पुरळ येतं.

उसवलेली शॉर्ट टाकण्याआधी ती कुठे उसवली ते बघा. मांडीच्या आतल्या बाजूला असेल तर दोष सगळा शॉर्टचा नसेल. सीटखाली लावलेल्या छोट्या पिशवीचा वेल्क्रो सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या दांड्याला गुंडाळलेला असतो. त्याचं खरखरीत टोक बाहेर राहिलं की दर फेरीला मांडीचं कापड ओरबाडतं. सीटचं रेक्झिन फाटलं असेल किंवा कडेची टाचणी वर आली असेल तरी तेच. हात फिरवून बघा, वेल्क्रोचं टोक आत दुमडा.

माप घेताना एम-एलवर जाऊ नका, कंबर आणि नितंबाचे सेंटिमीटर बघा, प्रत्येक कंपनीचा एल वेगळा असतो. दोन मापांच्या मध्ये अडलात आणि पोटाला काचत नसेल तर लहान घ्या, कापड पुढे थोडं सैलावतंच. घालून बघितल्याशिवाय मात्र घेऊ नका. डेकॅथलॉनसारख्या मोठ्या दुकानात ट्रायल रूम असते, आणि शहरातल्या बऱ्या सायकल दुकानांतही विचारलं तर घालून बघू देतात. तिथे पातळ निकरवरून घालून बघायचं, हे वेगळं सांगायला नको. उभ्याने शॉर्ट विचित्रच वाटेल, पुढे ओढल्यासारखी, मागे बोजड. तशी वाटू दे. हँडल धरल्यासारखं वाका, एक पाय बाकावर ठेवा, गुडघा छातीकडे आणा, दोन-चार उठाबशा काढा. गादी अंगाबरोबर फिरली पाहिजे, अंग आणि गादी यांत पोकळी राहता कामा नये. कंबरेची पट्टी पोटात रुतली तर पाच तास सोसवणार नाही.

बिबचं उत्तर. खांद्यावरून पट्टे असलेली शॉर्ट आरामात उजवी आहे यात शंका नाही. कंबरेला काही आवळत नाही, गादी खाली घसरत नाही. पण ती घातली की लघवीला जाताना वरचे कपडे उतरवावे लागतात, आणि खडकवासल्याच्या पुढे पानशेतपर्यंत बायकांसाठी स्वच्छ जागा किती आहेत ते तुम्ही बघितलंच आहे. जाण्याचं टाळायला बायका पाणीच पीत नाहीत, आणि हे मला सगळ्यात काळजीचं वाटतं. मागून उघडणाऱ्या किंवा पट्ट्याला बक्कल असलेल्या बिब मिळतात, पण महाग. तुम्ही आत्ता उंच कंबरेची, रुंद मऊ पट्ट्याची साधी शॉर्ट घ्या. आणि पाणी प्या.

घरच्यांनाही उत्तर द्यायला हवं. हजाराच्या आतल्या दोन शॉर्ट गेल्या, म्हणजे दीड-दोन हजार गेलेच, वर चार दिवसांचं दुखणं. आठवड्याला तुम्ही पाच-सहा तास त्या चड्डीवर बसता. दोन ते चार हजारांच्या दरम्यान तुमच्या कामाची चांगली शॉर्ट मिळते. त्याच्या वरच्या किमतीत वजन, वारा, शर्यत यांसाठीचे बदल जास्त, आरामात वाढ कमी. बायकांच्या सामानावरच घरात ‘कशाला’ का विचारलं जातं, याचाही विचार व्हावा. सायकलच्या टायरला कुणी विचारत नाही.

मी मात्र तुम्हाला दोन घ्यायला सांगेन, एकदम नाही, महिन्या-दोन महिन्यांच्या अंतराने. कारण शॉर्ट एकदा घातली की धुवायचीच. घाम आणि जंतू गादीत राहतात, दुसऱ्या दिवशी तीच घातली की केसांच्या मुळाशी फोड येतात. राइडनंतर चहाला टपरीवर तासभर बसता ना, तेही ओल्या शॉर्टवर नको. बरोबर एक सैल पायजमा ठेवा किंवा चहा घरी प्या. उघडी जखम, पू किंवा ताप असेल तर सायकल बंद आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे.

कपडे धुणाऱ्या मावशींना नीट सांगा: ब्रश नाही, धोपटणं नाही, गरम पाणी नाही. शॉर्ट उलटी करून साध्या पाण्यात थोडा लिक्विड साबण, हाताने चेपून धुवायची आणि साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळायची, कारण गादीत राहिलेला साबणही कातडीला चावतो. फॅब्रिक सॉफ्टनर कधीच नाही, तो धाग्यांवर थर धरतो आणि कापड घाम ओढेनासं होतं. पिळू नका, पिळल्याने गादीचा फोम आणि तिची शिवण दोन्ही तुटतात. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि गादी बाहेर ठेवून सावलीत वाळवा. ऊन लायक्राला खातं. जुलैत पंख्याखाली ठेवलं तरी गादी वाळायला दीड दिवस लागू शकतो, दुसरी जोडी हवी ती तेव्हा. बोटाने दाबून आतून दमट लागली तर घालू नका.

सोसायटीतल्या संकोचाबद्दल मी तुम्हाला ‘लाज सोडा’ असं सांगणार नाही. ज्या कपड्यात अवघडल्यासारखं होतं त्यात माणूस सायकल काढायचंच टाळतो. गादी असलेली थ्री-फोर्थ किंवा घोट्यापर्यंतची टाइट मिळते, थंडीत तर तीच बरी. नुसती आत घालायची जाळीदार पॅडेड शॉर्टही असते, तिच्यावर सैल हाफ पँट किंवा स्कर्ट-शॉर्ट घाला. फक्त वरच्या कपड्याला बसायच्या जागी जीन्ससारखी जाड शिवण नको. लांब कुडता मात्र टाळा, सीटच्या टोकात अडकतो आणि उतरताना पाडतो. पुणं एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं, तेव्हा नऊवारीतल्या बायकाही सायकलवर दिसत. तुम्ही पहाटे काय घालून निघालात हे आठवडाभरात कुणाच्या लक्षातही राहणार नाही.

क्रीमचंही अनेकजणी विचारतात. पूर्वी या शॉर्टमध्ये खऱ्या चामड्याचा तुकडा शिवलेला असे, धुतल्यावर तो कडक होई, म्हणून त्याला क्रीम चोळायचे. आता गादी कृत्रिम आहे, रोजच्या पंचवीस किलोमीटरला क्रीमची गरज नाही. शंभरच्या दिवशी मांडीच्या घडीत आणि जिथे काचतं तिथे लावा. मेंथॉल असलेलं घेऊ नका, बायकांना ते फार झोंबतं. व्हॅसलीन चालतं, पण गादीतून सहज निघत नाही.

पाळीच्या दिवसांचं तुम्ही विचारलेलं नाही, तरी लिहिते. सॅनिटरी पॅड शॉर्टमध्ये सरकतं आणि त्याची कड काचते. मेन्स्ट्रुअल कप किंवा टॅम्पॉन सायकलवर सोयीचं पडतं. दोन्ही नको असेल तर बिनशिवणीची पीरियड पँटी, आत काही न घालायच्या नियमाला एवढा एकच अपवाद.

शंभरच्या दिवशी नवी शॉर्ट पहिल्यांदा घालू नका. ती घालून आधी दोन-तीन पंचवीसच्या आणि एक साठ-सत्तरची राइड करा, शक्य तर पानशेतचीच, म्हणजे मागच्या वेळेशी ताडून बघता येईल. दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर दहा सेकंद उभं राहून दबलेल्या भागातलं रक्त पुन्हा फिरू द्या, आणि स्पीडब्रेकरवर, पेव्हर ब्लॉकवर, खड्ड्यावर बसून राहू नका. दोन आठवड्यांनी बधिरपणाचं काय झालं ते मला जरूर कळवा, सीटची लेव्हल आणि खळग्यांचं माप दोन्ही लिहून. सीट बदलायची वेळ आलीच तर त्यावरून पुढचं सांगता येईल.